विचारायचं राहिलेलं

८ जानेवारी

प्रिय दाते,

पोचलो. शेवटच्या घाटात ट्रकने इतकं घुसळलं की अंगातलं लोणी वर आलं असेल. आता पत्र्याच्या खोलीत बसून लिहितोय. खोली म्हणजे आगबोटीवरची मोठी पेटीच, तिला एक खिडकी कापलेली. खाट अरुंद आहे, एकट्याला पुरते. बोगद्याचं तोंड इथून समोरच दिसतं. दिवसभर त्यातून धूळ बाहेर येते आणि माणसं आत जातात.

फोन फक्त ऑफिसात आहे, तोही रविवारीच मिळतो. स्टोअरकीपर, हजेरीवाला आणि स्वयंपाकी तिघं तिथं ठाण मांडून असतात, कुणाच्या घरी काय चाललंय ते ऐकायला. त्यांच्यासमोर मी तुझ्याशी काय बोलणार? 'बरा आहेस ना? मीही बरा.' म्हणून हे पत्र. सामानाचा ट्रक खाली जातो, त्याच्याबरोबर टपाल जातं.

स्टोअरकीपरने पाकीट उलटंपालटं करून विचारलं, "दाते कोण?" त्याला ते आडनावच वाटलं. लोकांना दात करून देणाऱ्याला मी लाडाने दाते म्हणतो, हे त्याला कशाला सांगू? मी म्हणालो, "मामेभाऊ." अकरा वर्षं एका पलंगावर झोपणारा मामेभाऊ! जीभ किती सरावली आहे बघ, अडखळतसुद्धा नाही.

गीझरचा मिस्त्री आला का? गोळ्या वेळेवर घे.

तुझा,
उंदीर

२१ जानेवारी

प्रिय उंदीरराव,

डोंगर पोखरणाऱ्याला याहून मोठी पदवी माझ्याकडे नाही.

मिस्त्री आला, गीझर उघडला, मान हलवली आणि गेला. परत आला नाही. मी पातेल्यात पाणी तापवतोय. शेजारच्या आजी रोज विचारतात, "तुमचे भाऊ कधी येणार हो?" त्यांना तुझी आठवण माझ्यापेक्षा जास्त येते असं त्यांचं मत आहे, कारण डब्यांची झाकणं तूच उघडून द्यायचास.

कामाचं म्हणशील तर टेबलावर सध्या सात-आठ जबडे मांडलेले आहेत. प्लास्टरचे. दवाखान्यातून साचा येतो, मी कवळी करून पाठवतो. ज्याचं तोंड, तो माणूस मला कधी दिसत नाही. मघाशी एका कवळीचे पुढचे दात घासताना वाटलं, ही बाई हसत असेल तर कशी हसत असेल?

मी हल्ली सोफ्यावरच झोपतो. पलंगाची चादर बदलायचा कंटाळा येतो.

तुझं काम सहा महिन्यांचंच आहे ना? की कंपनी पुढे ओढणार? तुला बाहेरचं काम मानवतं, हे मला ठाऊक आहे. मी विचारतोय ते फक्त गीझर नवा घ्यायचा की नाही ते ठरवायला.

तुझा,
दाते

९ फेब्रुवारी

प्रिय दाते,

गीझर नवा घे. पुढचं पुढे बघू.

इथं एक न्हावी आहे. गोदामाच्या मागे एक खुर्ची, एक आरसा, एवढंच त्याचं दुकान. मागच्या आठवड्यात दाढी करून घ्यायला गेलो. मी दाढी कधी न्हाव्याकडे करत नाही, तुला माहीत आहे. त्याने साबण लावला, मग हनुवटी धरून मान वळवली, आणि दाढी झाल्यावर काही न विचारता डोकं चेपायला लागला. आणि दाते, माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थांबेना. तो बिचारा घाबरला. "साबण गेला का साहेब?" म्हणाला. मी म्हणालो, "हो, साबण." टॉवेलात तोंड खुपसून बसलो.

काल परत गेलो. केस वाढलेले नव्हतेच. त्यानेही नुसती कात्री चालवल्यासारखी केली आणि डोकं चेपून दिलं.

मला कुणी हात लावून किती दिवस झाले, असं मनात आलं. इथं आल्यापासूनचं म्हणत नाही मी. त्याच्या आधीचंच म्हणतोय.

जाऊ दे. थंडीने माणूस हळवा होतो. थंडी फार आहे.

तुझा,
उंदीर

१६ फेब्रुवारी

उंदीरराव,

पत्र मिळालं. नवा गीझर बसवला.

न्हाव्याबद्दल वाचलं. तुला तिथं जे मिळतंय ते घरी मिळत नव्हतं, एवढंच सांगायचं असेल तर ते कळलं. त्यासाठी साबणाचा आडोसा घ्यायची गरज नव्हती. न्हावीच आहे की आणखी कुणी आहे, हे मी विचारणार नाही. विचारायचा हक्क मला उरला आहे असंही वाटत नाही.

काळजी घे.

दाते

३० मार्च

प्रिय दाते,

सहा आठवडे मी तुला लिहिलं नाही, तूही लिहिलं नाहीस. रविवारी फोनवर आपण दोघंही बरे असतो. परवा फोन ठेवल्यावर स्वयंपाकी म्हणाला, "तुमच्या मामेभावाचं आणि तुमचं काही वाटणीवरून आहे का?" बघ, त्यालासुद्धा कळलं.

दुसरं कुणी नाही. न्हावी साठीचा आहे, त्याला नातवंडं आहेत, आणि त्याने माझं फक्त डोकं चेपलं. तुला राग आला म्हणून मलाही आला, आणि राग धरून बसणं मला जमतं. पण आता कंपनीने कागद पुढे केला आहे. आणखी दोन वर्षं. मे संपायच्या आत सही करायची किंवा नाही म्हणायचं. त्यामुळे आता खरं लिहिल्यावाचून गत्यंतर नाही.

मी इथं का आलो? पगार हे कारण मी सगळ्यांना सांगितलं, तुलाही. खरं कारण असं की घरी, तुझ्या शेजारी, मध्ये एक हात अंतर ठेवून झोपणं मला झेपेना. तू पाठ करून झोपायचास. मी तुझ्या पाठीकडे बघत पडायचो आणि वाटायचं, परक्या गावात एकटं झोपलो तर निदान त्याला काही कारण तरी असेल.

मला वाटत आलंय की मी तुला आवडेनासा झालोय. माझं पोट सुटलं, छातीवरचे केस पांढरे झाले. आणि तू दिवा मालवायचास. अगदी पहिल्यापासून. आधी मी त्याचं काही मनावर घेतलं नाही, पण पुढे पुढे वाटायला लागलं, याला मी दिसायला नकोय.

मी सही करू का? हे मी तुला विचारतोय. 'तुला जे योग्य वाटेल ते' असं लिहू नकोस.

तुझा,
उंदीर

११ एप्रिल

माझ्या उंदरा,

तीन कागद फाडून हा चौथा घेतलाय. जबडे बाजूला सारून कामाच्या टेबलावरच लिहितोय, कारण घरात लिहायला बसलो की उठून काहीतरी आवरायला लागतो.

दोन वर्षांपूर्वी रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, आठवतंय? त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, तू जवळ आलास आणि माझं शरीर ऐकेना. हलेचना. मन होतं, उंदरा, मन अगदी जागेवर होतं, पण शरीर म्हणजे दुसऱ्याच कुणाचं तरी आणून माझ्या अंगाला लावल्यासारखं. तू काही बोलला नाहीस. मीही नाही. तू उठून चहा ठेवलास. मला वाटलं, सुटलो, विषय टळला. टळला तो टळलाच.

त्यानंतर मी तुझ्याआधी झोपायला लागलो. झोप कसली! डोळे मिटून, श्वास लांब करून पडायचो, तू आत येऊन पांघरूण ओढेपर्यंत. तू जवळ आलास आणि पुन्हा तसंच झालं तर, ही भीती. आणि पाठ केली की तुझा चेहरा दिसायचा नाही. तू माझ्या पाठीकडे बघत असायचास हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तुला झोप लागली.

डॉक्टरांना विचारावं असं मनात होतं. गोळ्या लिहून देताना ते स्वतःच म्हणाले होते, "काही पुरुषांना यांनी जरा त्रास होतो. वैवाहिक बाबतीत. पण तुमचं लग्न झालेलं नाही ना? मग तो प्रश्नच नाही." घरी कोण असतं म्हणून विचारलं, तेव्हा मी काय सांगितलं असेल, ओळख. मामेभाऊ. आता मामेभावाच्या जोरावर त्या तक्रारीसाठी परत कुठल्या तोंडाने जाणार होतो?

दुसऱ्याचा दात एक केसभर उंच झाला तर मला बोटाला कळतं. घरात एवढं बिघडलं ते कळत होतं, पण बोलायला शब्द कुठले वापरायचे तेच कळेना. आपल्या दोघांत त्या गोष्टीला शब्दच नाही, कधी लक्षात आलंय तुझ्या? 'ते' म्हणतो आपण. 'आज ते नको.' 'ते बघू उद्या.'

आणि दिवा. दिवा मी मालवायचो ते तुझ्यासाठी. अगदी पहिल्या वेळी तू डोळ्यांवर आडवा हात घेतला होतास. मला वाटलं, हा लाजतोय, उजेड नको असेल याला.

तुझं पोट मला आवडतं. हे मी कधी सांगितलं नाही का?

सही करू नकोस.

तुझा,
दाते

२३ एप्रिल

प्रिय दाते,

मी डोळ्यांवर हात घेतला कारण तुझ्या त्या जुन्या खोलीतला बल्ब थेट डोळ्यांत येत होता!

हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. भिंतीपलीकडून हजेरीवाल्याने ठोकलं. मग हसू गेलं. एका बल्बापायी आपण एवढी वर्षं अंधारात काढली.

गोळ्यांचं वाचून आधी तुझा राग आला, मग त्या डॉक्टरचा, मग माझा. त्या दुपारी मी उठून चहा ठेवला, कारण मला वाटलं तुला एकट्याला सोडावं, तुझी लाज राहावी. आत येऊन नुसता शेजारी पडून राहिलो असतो तरी चाललं असतं. मला ते सुचलं नाही आणि तू म्हणाला नाहीस.

आता निघालंच आहे तर आणखी एक सांगतो. कागदावर धीर येतोय तोवर. आपल्यात पुढाकार कायम मीच घ्यायचा, आणि तू मागून यायचं, असं कधी ठरलं? पहिल्या वेळी झालं तसंच पुढे चालू राहिलं, जेवायच्या टेबलावर आपापल्या खुर्च्या ठरतात तसं. दाते, मला कित्येकदा वाटायचं, आज याने यावं. याने मला जवळ ओढावं, मी नुसतं पडून राहावं. पण मला वाटायचं, तुला मी जसा हवाय तसा हाच. उलटं काही मागितलं तर मी तुझ्या मनातून उतरेन. तुला कधी उलटं वाटलं होतं का? मला खरंच माहीत नाही.

मेच्या मध्यात चार दिवसांची सुट्टी मिळतेय. सगळं समोरासमोर बोलू. सहीचा कागद तोवर उशीखाली.

तुझा,
उंदीर

१९ मे

माझ्या उंदरा,

तुझी बस सुटून दोन दिवस झाले. मी अजून स्टँडवरच उभा आहे असं वाटतंय.

काय झालं रे आपल्याला? कागदावर वाघ आणि घरात मांजर. तू दारात उभा राहिलास तेव्हा मला वाटलं, आता पहिलं वाक्य कोण बोलतो बघू. तू म्हणालास, "गीझर छान आहे." मी म्हणालो, "हो, लवकर तापतो." मग चार दिवस आपण गीझर, पाण्याचा फिल्टर, आजींचा गुडघा आणि तुझ्या बुटांचे तळ यांच्यावर बोललो. दोनदा तू 'दाते, ते पत्रात...' असं सुरू केलंस आणि दोन्ही वेळा मी उठून खिडकी लावली. वारा नव्हता.

दिवा आपण चालू ठेवला होता. त्यानेच जास्त अवघड झालं. तू छताकडे बघत होतास, मी कपाटाकडे.

स्टँडवर तू म्हणालास, "बरं." मी म्हणालो, "पोचल्यावर फोन कर." तुझा चेहरा काचेतून बघितला आणि मला कळलं की तू आता सही करणार.

थांब. करू नकोस. हे ऐक आधी.

काल मी डॉक्टरकडे गेलो. बसल्या बसल्या सांगून टाकलं, नाहीतर उठलो असतो. म्हणालो, "गोळ्यांमुळे मला शारीरिक संबंध जमत नाही. दोन वर्षं झाली."

ते म्हणाले, "पण तुमचं लग्न..."

"लग्न नाही. जोडीदार आहे. ज्याला मी मामेभाऊ म्हणत होतो, तो."

त्यांचं पेन थांबलं. कान लाल झाले. त्यांचे, माझे नाहीत! मग म्हणाले, "हे मला आधीच सांगायला हवं होतंत."

"तुम्ही विचारायला जागाच ठेवली नव्हती," मी म्हणालो. भांडायला नाही, सहज.

त्यांनी मान डोलावली. गोळ्या बदलून दिल्या. म्हणाले, फरक पडायला वेळ लागेल, आणि पूर्वीसारखं सगळं परत येईलच अशी खात्री देत नाही. त्यांनी एवढं खरं सांगितलं, त्याचं मला बरं वाटलं.

बाहेर आल्यावर एक कळलं. तोंडाने बोलता येतं. परक्याशी जमलं, तर तुझ्याशी का जमू नये?

आणि तुझा तो प्रश्न. हो. मलाही उलटं वाटायचं. तुला जवळ ओढावं असं किती वेळा मनात आलं असेल! पण तुझी जागा बळकावल्यासारखं होईल, असं वाटून गप्प राहिलो.

सहीचा कागद घेऊन ट्रक खाली निघायच्या आत हे पत्र पोचू दे.

तुझा,
दाते

२४ मे

प्रिय दाते,

सही केली.

तुला दोष नाही. मी आलो तेव्हा फार मोठी आशा घेऊन आलो होतो, आणि चार दिवसांत आपल्याला एक वाक्य जमलं नाही. बसमध्ये माझ्या मनात आलं, आपल्याला पत्रंच जमतात. मग पत्रांचं अंतर राहू दे. निदान तेवढं तरी टिकेल. घरी येऊन पुन्हा मुका होण्यापेक्षा इथून बोलका राहिलेला बरा.

खालचा रस्ता दरड पडून बंद आहे. टपाल अडकलंय. हे कधी पोचेल माहीत नाही.

उंदीर

१४ जून

उंदरा,

तुझं २४ मेचं आज मिळालं. माझं १९ मेचं तुला अजून मिळालं नसणार, नाहीतर तू फोनवर असा बोलला नसतास. ते मिळाल्यावर वाच. त्यात मी जे लिहिलंय ते इथं पुन्हा लिहीत नाही, कारण ते आता मला लिहायचं नाहीये.

सही केलीस हे वाचून मी प्लास्टरचा एक जबडा भिंतीवर फेकला. आता तो माणूस आणखी आठवडाभर मऊ भात खाणार, त्याला बिचाऱ्याला काय माहीत! मग खाली बसून तुकडे वेचले.

डोंगराच्या पायथ्याचं ते गाव, जिथं ट्रक भरतात, तिथं एक लॉज आहे असं तू म्हणाला होतास. रस्ता नीट सुरू झाला की मी तिथं येतो. तू रविवारची सुट्टी काढून खाली उतर. तुझ्या पत्र्याच्या खोलीत नको, आपल्या घरात नको, जिथं आवरायला खिडकी-कपाट काही नसेल अशा ठिकाणी.

यावेळी आधी मी बोलणार. मला न जमलं तर मला तसंच बसू दे, पण चहा ठेवायला उठू नकोस.

दाते

१० जुलै

माझ्या दाते,

तुझी बस वळणावर दिसेनाशी झाली आणि मी तिथंच एका दगडावर बसलो. वर जाणारा ट्रक दुपारी होता. ड्रायव्हर म्हणाला, "कोण सोडून गेलं?" मी म्हणालो, "माझा माणूस." त्याने तंबाखूची डबी पुढे केली. बस्स, एवढंच. आभाळ कोसळलं नाही.

तू गेल्यापासून मी तोच रविवार परत परत फिरवून बघतोय. लॉजवाल्याने विचारलं, "खाटा दोन का एक?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "एक. मोठी असेल ती." मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो. कुठला महिना चालू होता ते विचार, सांगता येणार नाही.

मग खोलीत तू खुर्चीवर बसलास, गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखा. दुपारचं ऊन थेट अंगावर येत होतं, पडदाच नव्हता. आणि तू म्हणालास, "मला तू हवा आहेस. अंगाने हवा आहेस. जमेल की नाही माहीत नाही." तुझा आवाज कापत होता. मी तुझा आवाज इतकी वर्षं ऐकतोय, तो तसा कधी ऐकला नव्हता.

जमलं नाही. तू 'माफ कर' म्हणालास, आणि मी उठायला लागलो. खरंच उठायला लागलो, पाय आपोआप खाली गेले. तू माझं मनगट धरलंस. "चहा ठेवायचा नाही," म्हणालास. "इथं स्टोव्हच नाहीये," मी म्हणालो. मग आपण दोघं हसायला लागलो ते हसू आवरेना. आणि हसता हसता तू मला जवळ ओढलंस. तू ओढलंस. मी काही केलं नाही, नुसता पडून राहिलो, आणि तू माझ्या पोटावर डोकं ठेवून बोलत राहिलास. काय काय विचारलंस! कुणाला कधी विचारलं नव्हतं असं. काहींची उत्तरं देताना मला घाम फुटला. काहींची मला स्वतःलाच माहीत नव्हती.

एवढं लिहून खरं तेही लिहितो. वर आल्यावर खोली पहिल्यापेक्षा वाईट वाटतेय. आधी अरुंद खाट निभत होती. आता निभत नाही. काल न्हाव्याकडे गेलो नाही, त्याने विचारलं, तर म्हणालो, नको वाटतंय. करार दोन वर्षांचा आहे, तो मोडता येत नाही, मी मुकादमापासून वरपर्यंत सगळ्यांना विचारून आलो. दर दोन महिन्यांनी चार दिवस मिळतील. मध्ये तू येशील तेवढे. म्हणजे फार नाही. आपण हे अंतर नको तेव्हा घातलं, आणि आता ते चालून काढायचं आहे.

एक प्रश्न त्या दिवशी विचारायचा राहिला. बस हॉर्न देत होती म्हणून गिळला. तुझं अंग मी एवढी वर्षं ओळखतो असं मला वाटत होतं, पण तुला सगळ्यात जास्त कुठं हात लावलेला आवडतो, हे मी कधी विचारलंच नाही. अंदाजानेच चाललो. अंदाज बरोबर होता का चूक?

उलट टपाली कळव.

नको, कळवू नकोस. मी ऑगस्टमध्ये येतोय. तोंडाने सांग.

तुझा,
उंदीर